विजयमालेतली विश्रांती

जगदेवमामांचं मंगलाष्टक लग्नात शेवटी कोणी म्हटलंच नाही. पण ते विसरून जा. लग्न अजून परवा आहे आणि तहसिलीसमोर लोकांचे अर्ज लिहून देणारे हे मामा नवऱ्या भाचीला, विजयमालेला घेऊन, वाशीमला माझ्या पुढेच बाकावर बसून, शेलूबाजारच्या सर्व्हिस मोटारीची वाट पाहताहेत.

"आईक, पोरी. ‘शोभे मंडपि ही वधू विजयमा...’"

"थांबले काहून, मामा?"

"शार्दूलविक्रीडितात तिथं श्वास घ्याच लागते. ‘...ला लाजुनी पाहते.’"

"हा लाला कोन?"

"कोनता लाला?"

"जुनी पाह्यते तो. सासरचे इचारतील, लाला जुनी काय पाह्यते, म्हैस का बायको?"

"अवं, विजयमाला लाजून पाह्यते."

"अर्धी मी श्वासाच्या अलीकडं, अर्धी पलीकडं. मले जनमभर लालाची म्हनतील."

"याले श्लेष म्हनतात. मी घातला नाई, आपसूक आला."

"नाव दुसरीकडं बसवा ना."

"वि, ज, य. तीन लघु लागोपाठ त्या एकाच जागी येतात. मास्तरापाशी उन्हाळाभर हेच शिकलो. नाव बदलू का? सासरी बदलतेच."

"म्हनूनच मंडपात तरी माहं राहू द्या. अन् मंगलाष्टक तुमचंच पाह्यजे, इकतचं नाई."

मामांनी पुन्हा बोटांवर गण मोजले.

"मंग अर्जच करा लागते. मेहेरबान तहसीलदारसाहेब यांसी विनंती अर्ज ऐसाजे, शार्दूलविक्रीडितातील विश्रांती, एका लग्नापुरती, एक अक्षर पुढे सरकवण्याचा हुकूम व्हावा."