आनंदीच्या हातावरचा उजेड

पोलोग्राउंडच्या वर्कशॉपात स्कूटरचा हॉर्न दुरुस्त व्हायची वाट बघत स्वानंदी बाकावर बसली होती. समोर मंडपवाले वासुदेवजी अनीश मेकॅनिककडून आपल्या ट्रेलरला जादा रिव्हर्स लाइट लावून घेत होते. त्यांची बायको आनंदी ट्रेलरपाशीच उभी होती.

"अनीश भिया, हे लाइट जमिनीकडे वळवलेत तुम्ही. थोडे वर करा."

"मागचा खड्डा दिसायला नको का, वासुदेवजी?"

"खड्डा आनंदी बघते. मला तिचा हात दिसायला पाहिजे."

"हात कशाला? वहिनी तर 'आने दो, आने दो' अशा ओरडतात, की अख्खी गल्ली बाजूला होते."

"मार्चमध्ये गळ्याचं ऑपरेशन झालं ना. आवाज गेला. डॉक्टर बोलले, जान बची, यही बहुत समझो. मी रोज सकाळी उठून समजतो, भिया."

"वर केले तर वहिनींच्या डोळ्यांवर येतील. असं करू, एक लाइट बाजूला लावतो, तिरका. हातावरच पडेल."

"लावा."

"झाला लावून. वहिनी, जरा मागे जाऊन हात करा. मी शटर ओढतो, अंधार होऊ दे. वासुदेवजी, गाडीत बसून आरशात बघा. दिसतोय हात?"

"दिसतोय. बांगड्यापण दिसतायत, भिया."