न पोचलेला टेम्पो

वेल्ह्याहून बाजाराला निघालेला टोमॅटोचा टेम्पो घाटात बंद पडला, म्हणून आनंदराव नसरापूर स्टँडवर मेकॅनिकची वाट बघत बसले होते. शेजारी एमबीएच्या दोन पोरी सरांचा शोधनिबंध वाचत होत्या.

"शाहीन, ऐक. वेल्ह्याचा भाजीपाला बाजारात कायम वेळेवर पोचतो, रस्त्याची अडचण न्हाई."

"लई भारी! टेम्पोवाल्यांना विचारलं कुठं, सोनिया?"

"बाजाराच्या गेटवर."

"म्हंजी जे पोचले, त्यांनाच?"

"मग काय घाटात जाऊन विचारायचं? सरांचे बूट नवे हायेत."

"उद्या वर्गात ह्यातल्या चुका काढायच्यात ना?"

"व्हय. मार्क सरच देणार."

"मग लिही, चूक सापडली न्हाई."

आनंदराव खाकरले. "पोरींनो, माजा टेम्पो घाटातच हाय. तेवढं लिवा की."

"काका, तुमी आधी गेटवर पोचा. मग सर विचारतील."