वेल कुठल्या बाजूने फिरते

अहो ताई, ती वेल नका हो ओढू! — नाही, नाही, रागावले नाही, बसा तुम्ही, बाक काय माझ्या मालकीचा आहे? फक्त हात काढा तेवढा. ही दिव्याच्या खांबावरची वेल आज आहे तश्शी राहायला हवी, एक वेढा हलता कामा नये — का म्हणजे काय, आमचे हे यायचेत ना बघायला! म्हणजे, येतो म्हणालेत. जरा बागेच्या फाटकाकडे लक्ष ठेवाल? करड्या टोपीतला उंच माणूस दिसला की सांगा, मला लांबचं धूसर दिसतं.

रोज येता का इथे? — पहिल्यांदाच? वाटलंच, चपला घालून बसलात. काढा त्या, गवतावर टेका पाय. — गार लागलं ना? मला डॉक्टरीणबाईंनी पाठवलं. मी शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर वाकलेली; मान अशी धरायची की खाली पडलेली सुईसुद्धा शेजारणीने उचलून द्यायची, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाई म्हणाल्या, गोळ्या देते, पण संध्याकाळी झाडांत जाऊन बसायचं, हातात काम न घेता. मला हसूच आलं — झाडाखाली बसून कुणाचं दुखणं गेलंय? पण आले. आधी नुसती चुळबुळ, मग मान सैल झाली, झोप लागायला लागली, परवा तर बाही उलटी जोडली गेली तरी चिडले नाही, गुणगुणत उसवली! गोळ्याही घेते हो, नाही कशाला म्हणू; पण हे पानांकडे नुसतं बघत बसणं — आणि खरं सांगू? डॉक्टरीणबाई निमित्त. त्या घरात बसवतच नव्हतं मला, यांच्यासमोर. — बघा, काय बोलून गेले!

छे छे, मारतात-बिरतात कसले, मुंगी मारणार नाहीत! घड्याळजी ते. कोपऱ्यावर दुकान होतं. हात कापायला लागला, इवलासा स्क्रू चिमट्यात ठरेना, तेव्हा दुकान बंद केलं आणि खोलीचा पडदा ओढून जे बसले ते बसलेच. घरातल्या घड्याळालासुद्धा चावी देईनात. जन्मभर भांडत संसार केला आम्ही, आणि आता भांडायलाही कुणी नाही! बागेत चला म्हटलं, तर 'हं'. फुलं आलीत म्हटलं, तर 'हं'. लेकीने फोनवर तासभर समजावलं — 'हं'.

मग एकदा जेवताना मी आपली सहज बोलून गेले, खांबावरची वेल कशी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत चढलीय म्हणून. घास हातातच राहिला. 'कुठून बघून म्हणतेस? वरून की खालून?' — अहो, वेलीला काय वर नि खाली! 'काय म्हणजे? वरून सुलटं दिसतं ते खालून उलटं दिसतं, एवढंही कळत नाही?' ताई, मी ताटावरून उठले, आत गेले आणि पदर तोंडाला लावून रडले — आनंदाने हो! भांडले ना माझ्याशी! मग काय, मला किल्लीच सापडली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, नाही, उलटीच फिरते. पुढच्या दिवशी — निम्मी अशी, निम्मी तशी. लाटणं घेतलं, माझा शिलाईचा दोरा घेतला, त्या कापऱ्या हातांनी वेढे घालून दाखवताहेत मला — 'वेल एकदा वळण घेते ते सोडत नाही, ती काय तू आहेस, घडीघडीला फिरायला?' मी म्हटलं, मग या ना बघायला, एवढी खात्री आहे तर! आज दुपारी उठून घड्याळाला चावी दिली नि म्हणाले, 'तू हो पुढे. मी माझा येतो. हात धरायला थांबू नकोस.'

पण उशीर झाला हो. दारापर्यंत येऊन फिरले असतील माघारी. नसेल होत त्यांच्याच्याने… असू दे. असू दे, उद्या सांगेन वेल सरळसोट चढलीय, मग बघू कसे — काय? करडी टोपी? कुठे? — फाटकातच का थांबलेत? फाटक धरलंय का? — नाही, उठत नाही मी, हात धरायचा नाही म्हणालेत ना. तुम्हीच सांगा, निघाले? — निघाले! — काय काढताहेत खिशातून? — भिंग! अगं बाई, डोळ्याला लावायचं ते भिंग! दुकान बंद केल्यापासून डबीतून काढलं नव्हतं हो!

बरं, उठा आता. चपला घ्या हातात, त्या पलीकडच्या बाकावर जा, आणि आपली ओळख नाही हं. — थांबा, वर बघू नका! बघितलंत तरी मला सांगू नका, वेल कुठल्या बाजूने फिरलीय ते. मी अजून मान वर करून नीट बघितलेलंच नाही. जा, जा, आले — श्श…