मामांची पत्रिका डिकीत

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, कुणाली, तू विचार फार करतेस. अहो, तुम्हाला सांगते, करण्यासारखं असतं म्हणून करते! माझ्या भावाची, प्रणितची, हळद चार दिवसांवर आलेली. शंभर पत्रिका मी एकटीनं वाटल्या, कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत, चुलत, मावस, शेजारपाजार, सगळे झाले, आणि राहिली एक. कुणाची? किन्हवलीच्या कुंडलिकमामांची. देवानंतर पहिला मान ज्यांचा, अक्षता पडताना नवऱ्याच्या पाठीशी जे उभे राहणार, नेमकी त्यांची. का, तर मामा घरचेच, कधीही देऊ... आणि ती बारा दिवस माझ्या स्कूटीच्या डिकीत, रेनकोटखाली.

आता फोन करावा, तर समजा मामीनं उचलला? थेट जावं, तर समजा मामा दारातच म्हणाले, "कोण हो तुमी?" आणि जाऊच नये, तर समजा मामा लग्नाला आलेच नाहीत, अंतरपाट धरलेला, भटजी इकडेतिकडे बघतायत, आईनं पदर तोंडाला लावलाय... असं दोन दिवस मी ओटीवर बसून समजा-समजा करत होते. शेजारच्या सकुकाकी हळकुंडं निवडत होत्या, शेवटी त्यांना सगळं सांगितलं. तर म्हणतात कशा, "चप्पल घाल."

"चप्पल घालून काय होणार, काकी?"

"काय नाय. घाल."

घातली. तर लगेच, सारवलेल्या ओटीवर चप्पल घेऊन काय उभी, खाली उतर गो. उतरले. उतरलीस तर डिकी उघडून बघ, पत्रिका हाय का उंदरानं खाल्ली. उंदीर! हे तर मला सुचलंच नव्हतं, समजा खरंच... चावी लावली, पत्रिका शाबूत. मग म्हणे, चावी लावलीच हाय तर गाडी चालू कर. आता याला काय सल्ला म्हणतात? पण तोवर मी किन्हवलीच्या रस्त्याला लागले होते ना.

वाटेत सतरा कारणं पाठ केली. प्रेसवाल्यानं उशीर केला, मला ताप होता, टायर पंक्चर... मामांच्या अंगणात शिरते तोच पायातून कोंबडा उडाला, मी किंचाळले, सतराच्या सतरा कारणं गेली. मामा समोरच बसलेले. पत्रिका घेतली, उलटून पाहिली, आणि हळूच म्हणाले, "साऱ्या गावाला गेली गो. मला वाटलं, भाच्याला मामा नकोसा झाला."

मी म्हटलं, "मामा, माझ्याकडून राहिली. मग घाबरून आलेच नाही."

मामांनी पत्रिका मांडीवर ठेवली. समजा आता उठून आत गेले तर... तर त्यांनी आत हाक मारली, "अगो, पानी आन हिला. आनि माझा फेटा काढ पेटीतला."

इतकंच हो! बारा दिवस मी... जाऊ द्या.

निघताना मामांनी डिकीत एक पिशवी ठेवली. त्यांच्या लेकीचं, रविनाचं लग्न पुढच्या महिन्यात, पत्रिका छापून आल्यात, साठ. म्हणाले, "तुझी भीड मोडली आता. वाट." आता मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

सगळ्यात वरची पत्रिका बघितली. रविनाच्या मामाची, म्हणजे आमच्या मामीच्या भावाची. आणि हे दोघे मेहुणे, तुम्हाला सांगते, गेली तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.