मामाची उलटी पाटी

आमच्या मामाच्या काजूच्या दुकानाचं ऐकलंय का? नवीन होतं तवा गिऱ्हाईकच न्हवतं, बंद करायची पाळी आलती. मी सायबर कॅफेत वाचलंतं, इंटरनेटवर फोन नंबरचा पत्ता करताना आकडे शेवटाकडनं उलटे लावतात आणि मधी टिंबं देतात. मामाला गंभीर तोंडानं सांगितलं, "आता सगळे असंच लिवतात." मामानं पाटीवर दुकानाचा फोन नंबर तसाच उलटा रंगवला.

दुसऱ्या दिवशी एकजण तावातावानं आला. "पावणं, फोन लावला तर बाई म्हणतीया, असा नंबरच न्हाय."

मामानं त्याच्या हातावर काजू ठेवले. "बसा की. इंटरनेटचा नंबर हाय त्यो."

काजू खाल्ल्यावर मोकळ्या हातानं उठतोय कोण? रोज माणसं भांडायला येऊन पावशेर घेऊन जायला लागली.

शेवटी मीच म्हटलं, "मामा, नंबर सरळ करूया."

मामा म्हणाला, "आणि फोनवरनं काजू चारू व्हय?"