समाजमंदिराच्या पायरीवरचे सोपानकाका

आमच्या धायरीच्या समाजमंदिराचं मी सांगितलंय का तुम्हाला? धायरी तेव्हा खेडंच होतं. पुरुषमंडळींनी संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर जाऊ नये म्हणून ते बांधलं. आत रेडिओ, कॅरम आणि फुकट चहा. पण लोक आधी गुत्त्यावर जायचे आणि मग कॅरमला यायचे.

बायका चिडल्या. म्हणाल्या, "हे असंच चालणार असंल तर कुलूप लावा त्याला."

मग सरपंचांनी पायरीवर तोंडाचा वास घेणारा माणूस बसवायचं ठरवलं. वासाची पारख असलेला माणूस गावात एकच, जुने पिणारे सोपानकाका.

मी विचारलं, "काका, तुम्हीच पिऊन बसलात तर दुसऱ्याचा वास कसा येणार?"

"न्हाई येनार," काका म्हणाले. "म्हंजे मला सोडावीच लागंल की."

त्यांनी खरंच सोडली. थोड्याच दिवसांत गुत्तेवाला सरपंचांच्या दारात हजर.

"आमचा सोपानकाका परत द्या."

"एका गिऱ्हाइकासाठी एवढं?"

"एक कुठलं, सरपंच? बाकीची त्याच्या गप्पा ऐकाया यायची. आता समदी तुमच्या पायरीवर बसत्यात. तुमच्या कॅरमला तरी कोन जातंय?"