एकदाच एंटर

— नाय साहेब, रिपोर्टात माणसाची चूक असं नका लिहू. मशीनचीच चूक लिहा ना. तीस वर्षांचं मशीन ते — पडदा बघा, नुसती हिरवी अक्षरं, माऊस नाय, चित्र नाय. तुम्ही पुण्याहून नवीन बसवायला आलात, तुम्ही लिहिलं की हेच बिघडलं होतं, तर कोण विचारणारंय? मालकाला यातलं ओ की ठो कळत नाय. चहा घ्या, निवतोय. मी? मी झाडलोट करते इथं, ट्रे धुते. सातवी झालीय माझी, मला काय कळतंय.

एवढंच ठाऊक की हॅचरीत अंडी आत ठेवली की दर तासाला ट्रे कलवावा लागतो — एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. कोंबडी बसल्या बसल्या चोचीनं अंडं फिरवते ना, तसंच. नाय फिरवलं तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. ते काम हे मशीन करतं. पण लाइट जाऊन आली की एकेक प्रोग्राम हातानं उठवायचा — उष्णतेचा वेगळा, ओलाव्याचा वेगळा, ट्रेचा वेगळा. ज्याचं त्याचं नाव टाइप करायचं, एंटर मारायचं. मग मशीन काय म्हणतं? कायच नाय. खाली डॉलरची खूण येते, बस. अनंतकाका म्हणायचे, "मोनिका, हे जुन्या वळणाचं यंत्र आहे. काम झालं की गप्प बसतं, अडलं तरच बोलतं." — आता सव्वीस वर्षं तेच बसायचे या खुर्चीत, कानावर पडतंच की माणसाच्या. शिकवलं नाय हो! शिकवलं म्हणजे असंच, दुपारी डबा खाताना. मला म्हणायचे, बोटं बरी चालतात तुझी.

आणि त्यांनी मालकाला जे सांगितलं तेही तुम्ही धरू नका — म्हणे लाइट आली आणि ट्रेचा प्रोग्राम चालू करायचा मी विसरलो. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आलीच नाय, आणि मालकानं त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. सगळ्यांसमोर म्हणाला, म्हातारा झालास, देवळात जाऊन बस. काकांनी चष्म्याचं घर उचललं आणि गेले. आता तुमच्या कागदावर ठरणार, ते परत यायचे का नाय. पण विसरणारा माणूस आहे का तो? साहेब, अहो, विसरले असते तर मशीन स्वतःच नोंदी ठेवतं त्या वहीत तरी दिसलं असतं! एकाच नावाचे दोन चालू झाल्यावर कोण काय करणार — एक ट्रे कलवतो, चार मिनिटांनी दुसरा येऊन परत जागेवर आणतो, वही बघावी तर प्रत्येक तासाला फिरवल्याची नोंद, एक सोडून दोन-दोन — असं का बघताय? तुम्हीच म्हणालात ना आत्ता, दोनदा?

नाय म्हणालात?

बसू का जरा इथं.

अंडी आत ठेवली त्याच दिवशी सासूबाईंचा फोन आला — माझ्या संस्कृतीला ताप चढला, डोळे फिरवायला लागली. तीन वर्षांची आहे हो. इथं पैठण रोडला रिक्षा कुठली मिळतीय. काकांनी स्कूटरची किल्ली काढली, म्हणाले, "तुला स्कूटर येत नाही, मशीन येतं. मला दोन्ही येतं. मी पोरीला आणि तिच्या आजीला घेऊन दवाखान्यात जातो, तू इथं थांब." मी मागं बसून गेले असते की! सासूबाई राहिल्या असत्या घरी. आई कोण तिची? पण मी थांबले. आजपातुर सगळ्यांना सांगितलं, मशीनजवळ माणूस लागतो म्हणून थांबले. खरं सांगू? तिचे फिरलेले डोळे बघायची छाती नव्हती माझी. मशीन बरं वाटलं मला त्यापेक्षा.

आणि नेमकी लाइट गेली. आली तशी मी बसले. उष्णतेचा उठवला, ओलाव्याचा उठवला, ट्रेचं नाव टाइप केलं, एंटर मारला — आणि फोन वाजला. सासूबाई रडत होत्या, शब्द लागेना, मग फोनच कट झाला. मी पडद्याकडं बघते तर गप्प. माझं डोकंच चालेना — मारला का नाय एंटर? कोणीतरी हो म्हणावं असं झालं होतं मला. दुसरं कोण होतं तिथं? म्हणून परत टाइप केलं. मशीन विचारत नाय हो, की बाई, एक उठवलाय, दुसरा कशाला. एकदा सांगितलं तर एक उठवतं, दोनदा सांगितलं तर दोन. कोणकोण चालू आहे त्याची यादी बघायला शिकवलं होतं काकांनी. नाय बघितली.

चौथ्या दिवशी त्यांनीच बघितली. एकच नाव खाली-वर दोनदा, नंबर तेवढे वेगळे. माझ्याकडं बघितलं, एक बंद केला, आणि म्हणाले, "पोरीचा ताप उतरला ना?" पण पहिले दिवसच नाजूक असतात. तो ट्रे मीच धुतला साहेब. कवच फोडलं की आत — राहू द्या.

हे घ्या. मोबाइलच्या कव्हरमधीच ठेवते. क्रांती चौकातल्या दवाखान्याचं टोकन — तारीख बघा, वेळ बघा, अकरा बावन्न. मागं सोबत आणणाऱ्याची सही, काकांचीच, ते वळणदार अक्षर. आता या मशीनमधी बघा, ट्रेचा दुसरा प्रोग्राम किती वाजता उठलाय. माणूस क्रांती चौकात असताना इथं एंटर कसा मारेल? संस्कृती रोज विचारती, स्कूटरवाले आजोबा कुठं गेले. काय सांगू तिला?

लिहा माझं नाव. मोनिका, झाडलोट. कामावरून गेले तर गेले.

साहेब? तुम्ही कायच बोलत नाय. ऐकलं ना मी काय म्हणाले ते? परत सांगू का, सगळं पयल्यापासून —

नाय. एकदा सांगितलंय.

द्या तो कप इकडं.